सर्वांत मागचा सर्वांत पुढे

बायबलच्या वाचकाला अरण्य परके नाही. इस्राएलची प्रजा चाळीस वर्षे अरण्यात भटकली, योहान बाप्तिस्ता अरण्यात राहिला आणि प्रभू येशूने आपल्या कार्याच्या आरंभी चाळीस दिवस अरण्यातच उपवास केला. हे सारे आम्ही गेली पंचवीस वर्षे प्रवचनपीठावरून सांगत आलो. मात्र बोललो ते अरण्यातल्या एकट्या माणसाविषयी. अरण्यात समूहाचे काय होते, आणि तो समूह कोवळ्या वयाच्या मुलामुलींचा असेल तर काय होते, याचा आम्ही कधी फारसा विचार केला नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत, गौताळ्याच्या जंगलात, तो करावा लागला.

पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकत असताना विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही १९५४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आमच्या हाती पडली. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले, मोठ्यांचा धाक सुटताच त्यांच्यात पडलेले तट, आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठणे. आदिपापाच्या शिकवणुकीचे याहून ठळक चित्र कोणते, असे त्या वयात वाटले. पुढे धर्मग्राम सांभाळू लागलो तेव्हाही ही कादंबरी मनाच्या तळाशी राहिली. मुलांना मोकळे सोडले की ती बिघडणार, हे आम्ही न बोलता गृहीत धरले.

कादंबरीतल्यासारखा प्रसंग खरोखरच घडला होता, हे कळायला मात्र वयाची पन्नाशी यावी लागली. १९६५ साली टोंगाच्या नुकुआलोफा या राजधानीतील एका निवासी शाळेतून सहा मुले कुणाची तरी होडी घेऊन, कुणाला न सांगता समुद्रावर निघाली. वादळात शीड फाटले, सुकाणू मोडले. आठ दिवस वाहत वाहत ती आटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. पुढे वर्षाहून अधिक काळ ती तेथे जगली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली तेव्हा बेटावर भाजीपाल्याचा मळा होता, पावसाचे पाणी साठवण्याची सोय होती आणि एकदा पेटवलेला विस्तव विझू दिलेला नव्हता. मुलांनी दोघादोघांच्या जोड्या करून स्वयंपाक, मळा आणि राखण यांच्या पाळ्या लावल्या होत्या. भांडण झाले तर दोघांनी दूर जावे आणि राग निवळल्यावर परत येऊन क्षमा मागावी, असा त्यांचा रिवाज होता. दिवसाचा आरंभ आणि शेवट प्रार्थनेने व गीताने होई. एका मुलाचा कड्यावरून पडून पाय मोडला, तेव्हा इतरांनी काठ्या आणि पाने बांधून तो सांधला, त्याला पडून राहायला लावले आणि त्याच्या वाटचे काम आपसांत वाटून घेतले. पुढे डॉक्टरांनी तपासले तर हाड उत्तम जुळलेले निघाले.

हा वृत्तान्त वाचून आम्ही आनंदलो, एका रविवारी प्रवचनात सांगितला आणि विसरलो. त्या मोडक्या पायाची आठवण आम्हाला पुढे वेगळ्याच प्रकारे व्हायची होती.

आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाच्या वर्गात दोन तऱ्हांची मुले असतात. काही छत्रपती संभाजीनगर शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी. काही वैजापूर-गंगापूरकडच्या खेड्यांतून येऊन वसतिगृहात राहणारी. दोघांचा बाप्तिस्मा एकच, मिस्सा एकच. बाके मात्र वेगळी. त्यांनी एकत्र यावे म्हणून आम्ही सतरा मुलामुलींना घेऊन कन्नड तालुक्यातील अंतूरचा किल्ला पाहायला निघालो. किल्ला गौताळा अभयारण्याच्या परिसरात आहे. या रानात बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ साली तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ येथे पोहोचला होता. चौकीवर आमची नावे नोंदवून आम्ही संध्याकाळपर्यंत परतण्याचा शब्द दिला.

चढताना पाण्याचे दोन कॅन आळीपाळीने न्यायचे ठरले होते. प्रत्यक्षात ते सगळा वेळ वसतिगृहातल्या मुलांच्याच खांद्यावर होते. शहरातली मुले पुढे धावत होती, छायाचित्रे काढीत होती. वर पोहोचल्यावर त्यांतल्या एका मुलाने त्याच पाण्याने तोंड धुतले. कॅन वाहून आणणारी मुलगी ते पाहत उभी राहिली. आम्हीही पाहत होतो. बोललो नाही. सहलीच्या दिवशी कुणाला दुखवू नये, असे मनाला सांगितले. खरे कारण वेगळे होते. त्या मुलाचे वडील धर्मग्रामाच्या कामात पुढे असतात आणि त्या मुलीचे वडील ऊसतोडीला जातात. आमचे मौन या एका फरकातून आले होते, हे आज लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

उतरताना वाट चुकली. दिवस दिवाळीचे, अंधार लवकर पडला. वाट शोधण्याच्या घाईत आमचा पाय दगडावरून घसरला आणि घोट्यात असा मुरगळला की उभे राहता येईना. मोबाईलला रेंज नव्हती. रात्र तेथेच काढावी लागणार हे सर्वांनाच उमगले. दोन मुली रडू लागल्या. एक मुलगा आमच्याकडे पाहून म्हणाला, “आता काय करायचं, फादर?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर त्यांच्यातूनच आले. कुणीतरी शेकोटीची गोष्ट काढली, तशी पाणी वाहून आणणारी ती मुलगी म्हणाली, “गवत वाळलंय. एक ठिणगी उडाली तर रान पेटेल आणि आपणही.” शेकोटीचा विचार तेथेच संपला. तिने मुलांना हातात काठ्या देऊन एका खडकालगतची जागा झाडून घेतली, सर्वांना खडकाला पाठ लावून बसवले आणि लहानांना मध्ये घेतले. आता उजेडाचा प्रश्न होता. तो सोडवला तोंड धुणाऱ्या त्या मुलाने. सगळे मोबाईल बंद करून एका वेळी एकच चालू ठेवायचा, तासातासाने बदलायचा, म्हणजे उजेड पहाटेपर्यंत पुरेल, असा हिशेब त्याने मांडला. प्रत्येक तासाला दोघांनी जागायचे. एक शहरातला, एक वसतिगृहातला. ही जोडी लावण्याची सूचना आमची नव्हती.

दहा कुमारिकांच्या दाखल्यावर प्रवचन करताना आम्ही नेहमी अडखळतो. शहाण्या पाच जणींनी आपले तेल दिले नाही, हे कानाला बोचते. दाखल्याचा रोख वेगळा आहे, तो सज्जतेचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या रात्री ज्यांच्या मोबाईलमध्ये बॅटरी उरली होती त्यांनी ती इतरांसाठी काढून दिली, हेही आम्ही पाहिले.

पाणी चार लिटरच्या आसपास उरले होते. ते वाटण्याचे काम मुलांनी त्या मुलीकडे दिले. दर खेपेस प्रत्येकाला अर्धे फुलपात्र. पहिले फुलपात्र तिने तोंड धुणाऱ्या मुलाच्या हाती दिले. त्याने ते घेतले, पण वर पाहिले नाही. आमची पाळी आली तेव्हा कुणी म्हणाले, “फादरांना जास्त दे, त्यांचा पाय दुखतोय.” ती म्हणाली, “रात्र सगळ्यांना सारखीच आहे, फादर.” आणि अर्धेच भरले. तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. दुपारी जो न्याय आम्ही करायला हवा होता, तो ती रात्री करीत होती, एवढेच.

उजाडल्यावर उतरायला सुरुवात झाली. धडधाकट मुलांनी पुढे जाऊन माणसे आणावीत, फादरांनी मागून यावे, असे आम्ही सुचवले. मुलांनी मानले नाही. पुन्हा वाट चुकली तर गट फुटेल, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांनी आम्हाला सर्वांच्या पुढे घातले. दोघे खांदा देणार, शंभर पावलांनी खांदे बदलणार, आणि आमच्या पुढे कुणीही जाणार नाही. वेग आमच्या लंगड्या पायाचा. निर्गम ग्रंथात मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी तोलून धरले, ही कथा आम्ही अनेकदा शिकवली होती. मोशेला त्या वेळी लाज वाटली असेल का, हा प्रश्न मात्र त्या दिवशी प्रथमच मनात आला.

तासाभराने आम्हाला शोधायला निघालेले वनमजूर भेटले. शहरात परतल्यावर पालक संतापले. त्यांचा राग खरा होता. मुलांना संकटात घातले ते आम्हीच.

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. आम्ही मात्र आता त्यांच्या तुकडीतल्या, माथ्यापर्यंत न पोहोचलेल्या सोबत्यांचाही विचार करतो. महिनोन्‌महिने त्यांनी एकत्र सराव केला. एका दोराला बांधलेल्या माणसांचा वेग हा त्यांतल्या सर्वांत मंद माणसाचाच वेग असतो, हे गिर्यारोहकाला पहिल्या दिवशी शिकवतात. आम्हाला ते शिकायला अर्धे आयुष्य लागले. ‘शेवटले ते पहिले होतील’ या प्रभूच्या वचनाचा अर्थ आम्ही नेहमी स्वर्गाकडे बोट दाखवून सांगत असू. चालण्याची तीच एक सुरक्षित रीत आहे, हे आम्हाला सुचले नव्हते.

त्या रात्रीने सारे बदलले, असे लिहिले तर ते असत्य ठरेल. पुढच्या रविवारी मिस्सेला मुले पुन्हा आपापल्या बाकांवर बसली. गोल्डिंग यांचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नाही. आदिपाप जसे मुलांत आहे तसे आमच्यातही आहे, आणि त्या दिवशी किल्ल्यावर ते आमच्याच मौनात होते. तोंड धुणाऱ्या मुलाची आम्ही नंतर भेट घेतली आणि त्याच्या आधी त्या मुलीची. तिच्याजवळ क्षमा मागितली. ती गोंधळली, पुटपुटली, “जाऊ द्या, फादर.”

गेल्या वर्षी पुन्हा सहल निघाली, या वेळी म्हैसमाळला आणि वाटाड्या सोबत घेऊन. पाणी वाहण्याच्या पाळ्यांचा कागद मुलांनी आदल्या दिवशीच धर्मगुरूनिवासाच्या दाराला लावला होता. दर अर्ध्या तासाला दोन नावे. आम्ही चष्मा लावून यादी वाचत गेलो. चौथ्या ओळीत, त्या मुलाच्या नावाशेजारी, आमचे नाव होते.