उलटी तलवार

तलवारीशी आमच्या घराण्याचा संबंध खंडेनवमीपुरता. तोही विळी आणि पकडीला गंध-फूल वाहून भागवलेला. त्यामुळे फ्रान्समधल्या एपर्ने गावी, शॅम्पेनची बाटली तलवारीने उघडायला शिकवणारे गुरुजी भेटले तेव्हा माझ्यातला मावळा खडबडून जागा झाला.

गुरुजींनी त्याला लगेच झोपवला. म्हणाले, "धार नको. पातं उलटं धरा." म्हणजे तलवारीची पाठ! वर ताकदही लावायची नाही! बाटली आधी थंडगार करायची, तारेची टोपी काढायची, तोंड माणसांपासून दूर ठेवून ती तिरकी धरायची. मग काचेचा उभा सांधा शोधून त्यावरून पातं सरळ गळ्याच्या कडेवर सरकवायचं. सांधा आणि कड जिथे भेटतात तिथे काच सर्वांत नाजूक. आणि आत सुमारे ६ वातावरणांचा दाब, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट! टिचकी आपली, बाकी पराक्रम बाटलीचा.

नेपोलियनचे घोडेस्वार विजयानंतर अशाच बाटल्या उघडत, अशी दंतकथा आहे. खरीही असेल. एका हातात लगाम असताना बूच कोण पिळत बसणार?

माझी पाळी आली. पातं सरकलं, 'टक्' झालं, आणि काचेच्या कड्यासकट बूच पार हिरवळीवर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विजयी मुद्रेनं सौ.कडे पाहिलं.

"उलट्या कोयत्यानं नारळ फोडतात तसंच की हे," ती म्हणाली. "आणि ती काच उचला आधी. कुणाच्या पायात जाईल."