राजाजवळ कोण हाय?

आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममधल्या बुद्धिबळाच्या पटात एक पांढरा घोडा कमी आहे. त्याच्या जागी आम्ही खोडरबर ठेवतो. नवीन आलेला फर्स्ट इयरवाला खेळता खेळता तेच खोडरबर उचलून ड्रॉइंगची शीट पुसायला लागतो आणि मग डाव कुठे होता यावरून भांडण होतं. तर सांगायची गोष्ट अशी, की पांढऱ्या घोड्याची किंमत मला या खोडरबरामुळे नाही, तर आमच्या आबांमुळे कळली.

माझं गाव रिठद. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. बुद्धिबळ मला आबांनीच शिकवलं, पण ते देशी. त्यात प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, कॅसलिंग नसतं, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आठवीत शाळेच्या स्पर्धेत मी राजाला ती उडी मारायला लावली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून आबांच्या बुद्धिबळाला मी जरा कमीच लेखत आलो, हे इथे प्रामाणिकपणे कबूल करतो.

यंदा दिवाळीला घरी जाताना पोटात गोळा होता. चौथ्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले होते, थिअरी ऑफ मशिन्स आणि मॅथ्स. घरी सांगितलं नव्हतं. फोनवर बाबांनी विचारलं की मी "चाललंय बरं" म्हणायचो आणि लगेच सोयाबीनच्या भावाचा विषय काढायचो. घरी पोचलो तर ओसरीत बाजेवर आबा काळा चष्मा लावून बसलेले. आठ दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा डोळा तर आधीपासूनच अधू. मला कोणी कळवलंच नव्हतं.

"तुही परीक्षा होती ना बाबू, म्हून नाही सांगतलं," आई म्हणाली.

म्हणजे मी घरापासून लपवत होतो आणि घर माझ्यापासून. मी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा कंटाळले. पेपर वाचायचा नाही, वाकायचं नाही, शेतात जायचं नाही. म्हणाले, "पट मांड. मले धुकट दिसते, तू नुसतं सांगत जाय." मला आमच्या एका सीनिअरने शिकवलेला डाव आठवला. लेव्हॉन अरोनियन विरुद्ध विश्वनाथन आनंद, नेदरलँड्समधलं वाइक आन झी, जानेवारी २०१३. आनंद तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा आणि विश्वविजेता. अरोनियन पांढऱ्याकडून, आनंद काळ्याकडून. तेविसाव्या चालीला पांढऱ्याने डाव सोडला.

सुरुवातीच्या अकरा चाली मी भराभर सांगितल्या. दोघांचं कॅसलिंग झालं. "म्हणजे राजा कोपऱ्यातल्या खोलीत गेला आणि हत्ती दारात आला," असं मी समजावलं. आनंदचा एक उंट बी-७ वर. तिथून तो तिरप्या रेषेत थेट पांढऱ्या राजाच्या कोपऱ्याकडे बघतो. दुसरा उंट डी-६ वर, त्याचीही नजर राजासमोरच्या एच-२ च्या प्याद्यावर. अकराव्या चालीला आनंदने हत्ती सी-८ वर आणला. यातलं काहीच मारामारीचं दिसत नाही.

बाराव्या चालीला अरोनियनचा घोडा एफ-३ वरून जी-५ वर गेला. आनंदने तिकडे लक्ष न देता मधलं सी चं प्यादं पुढे ढकललं. तेराव्याला पांढऱ्या घोड्याने एच-७ चं प्यादं खाल्लं. आता तो काळ्या राजाच्या अगदी उंबऱ्यात, आणि शेजारच्या हत्तीवरही त्याचा डोळा.

"काळ्याचं घोडं हाय ना तिथं? घे म्हना मारून," आबा म्हणाले.

"नाही घेतलं आबा. काळा घोडा उडाला जी-४ वर, पांढऱ्या राजाच्या तोंडासमोर."

आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "थांब. जे घोडं प्यादं खायले गेलं, ते राजाजवळचं होतं ना?"

"हो."

"मंग आता राजाजवळ कोण हाय?"

मी पटाकडे बघितलं. हा डाव मी पाच-सहा वेळा मांडला असेन, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. पांढरा वजीर आणि एक उंट काळ्या राजाकडे तोंड करून उभे. दुसरा उंट आणि एक हत्ती घरातून निघालेच नाहीत, डाव संपेपर्यंत ते तिथेच राहतात. राजाजवळ एक हत्ती आणि तीन प्यादी, बस्स. एफ-३ चा घोडा एच-२ सांभाळत होता, एच-४ सांभाळत होता, आणि बी-७ च्या उंटाची रेषाही त्याच्याच अंगावर अडत होती. तो एका प्याद्यासाठी निघून गेला होता.

आता तो घोडा हत्ती खाईल, तर काळा उंट एच-२ वर शह देतो, वजीर एच-४ वर येतो आणि खेळ खलास. म्हणून अरोनियनने एफ चं प्यादं दोन घरं पुढे टाकून उंटाची वाट बंद केली. आनंदने मध्ये प्याद्यांची मारामारी केली आणि पंधराव्या चालीला तोच उंट सी-५ वर नेला, सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात! त्या प्याद्याने उंट खाल्ला तर डी-७ चा घोडा सी-५ वर येऊन पांढऱ्या उंटावर चढतो, आणि डी ची उभी पट्टी काळ्या वजिरासाठी मोकळी होते.

अरोनियनने उंट खाल्ला नाही, आपला उंट मागे ई-२ वर घेतला. तर सोळाव्या चालीला आनंदने दुसराही घोडा ई-५ वर आणून ठेवला. मी मोजून सांगितलं, "आबा, आता काळ्याचे दोन घोडे, एक उंट आणि एक हत्ती, चौघंही खायला मोकळे आहेत."

आबा हसले. "आन् खानारा हात एकच!"

यापेक्षा सोप्या शब्दांत मला हे कोणी समजावलं नव्हतं. एका चालीत एकच सोंगटी खाता येते. पांढऱ्याने उंटाने जी-४ चा घोडा खाल्ला. काळ्या उंटाने डी-४ चं प्यादं खाऊन शह दिला, राजा कोपऱ्यात गेला. काळ्याने घोड्याची फेड केली, आणि शेवटी पांढऱ्या घोड्याने हत्ती खाल्ला. इथे घाईने काळा वजीर एच-४ वर नेला असता, तर पांढरा वजीर एच-७ वर शह देत घुसला असता. म्हणून आनंदने आधी एफ चं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि त्या वजिराची तिरपी वाट बंद केली. हल्ला ऐन भरात असताना एवढी साधी चाल! पांढऱ्या घोड्याला आता घर आठवलं. एच-४ राखायला तो जी-६ वर आला, तर दोन चालींत वजिराने त्यालाच खाल्लं.

शेवट तर बघाच. काळा वजीर एच-५ वर, डोळा एच-३ च्या प्याद्यावर. शेजारचं जी-२ चं प्यादं हलू शकत नाही, कारण मागे राजा आणि समोर दूरवर तो बी-७ चा उंट. एच-३ ला राखायला पांढरा वजीर त्याच आडव्या ओळीत डी-३ वर आला. आणि तेविसाव्या चालीला आनंदने आपला उंट ई-३ वर, दोघांच्या बरोबर मध्ये आणून बसवला. वजिराची नजरच तुटली. उंट खा नाहीतर नका खाऊ, मात चुकत नाही. अरोनियनने डाव सोडला.

मित्रांनो, मला आधी वाटायचं की असला डाव म्हणजे क्षणात सुचलेली जादू. तसं नाही. या प्रकारची तयारी आनंदने २०१२ मधल्या गेल्फंडविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी करून ठेवली होती. शिवाय १९०७ साली वुडझ शहरात रुबिनस्टाइनने रोटलेवीविरुद्ध असेच दोन उंट राजावर रोखून डाव जिंकला होता, तो जुना डावही त्याला ठाऊक होता. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ मध्ये टोरांटोला नाकामुराविरुद्ध एच-३ वर उंट दिला, तेव्हाही असाच गजर झाला. पण उंट देण्याची चाल सगळ्यांना दिसते. त्याआधी मुकाट्याने जागेवर नेऊन ठेवलेल्या सोंगट्या कोणी मोजत नाही. आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल लिहायला बसतो आणि त्याला हल्ला म्हणतो!

डाव संपल्यावर आबांनी भलताच प्रश्न विचारला. "ते हरलेलं पोरगं पुढं कसं खेळलं?"

हे मला माहीत होतं. त्या स्पर्धेत कार्लसन १० गुणांसह पहिला आला. अरोनियन साडेआठ गुणांसह दुसरा. आणि आनंद आठ गुणांवर, म्हणजे ज्याने तेवीस चालींत हरवलं त्याच्यापेक्षा हरलेलाच पुढे राहिला. तो पराभव चौथ्या फेरीतला होता, आणि फेऱ्या तेरा होत्या.

आबा "हं" म्हणाले. काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते, म्हणूनच मला धीर आला असावा. मी म्हणालो, "आबा, माझे दोन विषय राहिलेत."

बराच वेळ काही नाही. मग, "पुन्हा परीक्षा कधी हाय?"

"डिसेंबरात."

"बापाले सांगतलं?"

"नाही."

"आज सांग. मी बसतो संगं."

संध्याकाळी सांगितलं. बाबा रागावले, जेवताना बोलले नाहीत. सकाळी मात्र तुरीकडे निघताना "पुस्तकं आनली का?" एवढंच विचारलं. मी आणली नव्हती. भाऊबीज झाल्याबरोबर परत आलो.

आता दर रविवारी घरी फोन करतो आणि आधी विचारतो, आबांचा डोळा कसा आहे. मग माझं काय चाललंय ते खरं खरं सांगतो. मॅथ्स निघाला. थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर पुन्हा तपासायला टाकलाय, हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत काय ते कळेलच.

आणि हो, कॉमन रूमचा पांढरा घोडा ज्याच्याकडे असेल त्याने कृपया आणून ठेवावा. कोणी काही विचारणार नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी