सांगली ते पुणे : एका चाचणीच्या वाटेवर

सांगलीहून पुण्यास मी गेली चाळीस वर्षे जात आलो आहे. कधी हळदीच्या व्यवहारासाठी, कधी सोयरिकीसाठी, कधी मार्केट यार्डातील अडकलेल्या वसुलीसाठी. परंतु गतवर्षीच्या ज्येष्ठ महिन्यापासून दर चार आठवड्यांनी जे जाणे सुरू झाले, त्याचे कारण निराळे होते. मधुमेह असलेल्या व स्थूल प्रकृतीच्या लोकांचे वजन एका नव्या इंजेक्शनाने कितपत उतरते, हे पाहणाऱ्या वैद्यकीय चाचणीत मी नाव नोंदविले होते.

सकाळची कोयना एक्स्प्रेस धरावी आणि खिडकीजवळ बसावे. किर्लोस्करवाडी, कराड, सातारा अशी ओळखीची स्थानके मागे पडतात. वाठार सोडल्यावर आदर्कीचा घाट लागतो, गाडी वळणे घेत खाली लोणंदकडे उतरते आणि हवा एकदम कोरडी होते. कृष्णाकाठच्या उसाची सवय झालेल्या डोळ्यांना तो उघडा माळ आधी भकास वाटतो; पुढे पुढे मला तोच आवडू लागला. नीरा ओलांडली की जेजुरीचा गड दिसतो. पूर्वी या प्रवासात कराडला वडा आणि पुढे जे मिळेल ते, असा माझा क्रम असे. आता डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी. शेजारच्या प्रवाशाने पेढा पुढे केला तर हात जोडावेत.

पुण्यात उतरण्याचे ठिकाण म्हणजे बिबवेवाडीत अक्कांचे घर. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे हा त्यांच्या घरचा नियम अद्याप मोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे असते. पहिल्या वेळी सिस्टरने विचारले, "काका, रात्री शेवटचे कधी खाल्ले?" मी म्हणालो, "सहा वाजता." तिने पुन्हा विचारले, मग माझ्याकडे पाहिले आणि लिहून घेतले. आपल्या रात्रीभोजनत्यागाचा असा उपयोग होईल हे कधी मनात आले नव्हते.

या वाटेला मी का लागलो, ते सांगितले पाहिजे. माझ्या वडिलांना मधुमेह होता. १९७९ मध्ये डॉक्टरांनी इन्सुलिन घेण्यास सांगितले. त्या काळी इन्सुलिन गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत. वडिलांनी ते ऐकले आणि नकार दिला. आम्ही रडलो, नातेवाइकांनी समजावले. ते बधले नाहीत. दोन वर्षांत अंगठा काळा पडला, मग गुडघ्याखाली पाय गेला. १९८३ मध्ये ते वारले. जीवाणूंच्या साहाय्याने बनविलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये परवाना मिळाला होता. आमच्या गावापर्यंत ते यायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला. वडिलांचे चुकले असे म्हणण्याचे धैर्य मला आजही होत नाही, आणि ते बरोबर होते असेही म्हणवत नाही.

म्हणून संमतिपत्र हाती आले तेव्हा माझा पहिला प्रश्न औषध लागू पडेल का, हा नव्हता. "हे कशापासून करतात?" असे मी विचारले. तरुण डॉक्टरबाईंनी टाळाटाळ केली नाही. हे औषध यीस्ट, म्हणजे किण्व, वापरून तयार होते, त्यात प्राण्याचा अंश नाही, असे त्या म्हणाल्या. याच जातीचे पहिले औषध मात्र अमेरिकेच्या वाळवंटातील एका विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या द्रव्यावरून सुचले. ते पुढे प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनविले गेले व २००५ मध्ये बाजारात आले. "आणि प्राण्यांवर प्रयोग?" मी विचारले. "माणसाला देण्यापूर्वी ते होतातच, काका. झाले आहेत." हे उत्तर मला बोचले, आजही बोचते. पण त्यांनी ते गोड करून सांगितले नाही, म्हणूनच मी पुढची पाने वाचली.

संमतिपत्र मराठीत होते, वीसेक पानांचे. ते मी घरी नेले आणि सौद्याचा कागद वाचावा तसे वाचले. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. मोबदला मिळणार नव्हता, प्रवासखर्च मिळणार होता. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई होती. कोणत्याही दिवशी कारण न देता बाहेर पडण्याची मुभा होती. चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदविलेली होती. भारतात ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक पहिल्या पानावरच छापलेला होता, मुलाने तो संगणकावर पडताळून पाहिला. एका नीतिसमितीने सर्व तपासले होते. २०१९ च्या नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात जण लागतात; त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा आणि एक स्त्री असावी लागते, धर्मशास्त्राचा जाणकारही बसू शकतो. हे वाचून मला बरे वाटले.

अट एकच विलक्षण होती. कोणाला औषध मिळेल आणि कोणाला नुसते दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. ते मला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. माझी पत्नी म्हणाली, "म्हणजे सहाशे किलोमीटर जाऊन-येऊन कदाचित पाणीच टोचून घ्यायचे?" प्रश्न रास्त होता. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे, की तुलना केल्याशिवाय खरे कळत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मोठ्या चाचणीत १,२१० मधुमेही होते. ६८ आठवड्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ९.६ टक्के उतरले आणि नुसते द्रव घेणाऱ्यांचेही ३.४ टक्के उतरले; कारण आहाराचा सल्ला व चालणे दोघांनाही होते. आमच्या पेढीत नफा कशातून आला हे न पाहता ताळेबंद मांडला तर मी तरी सही करीन काय? मी सही केली. तेव्हा वजन ब्याण्णव किलो होते.

प्रतीक्षागृहात भिंतीवर एक जुना चार्ट होता. डॉक्टरबाईंनी त्यावरून पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीयही आतून लठ्ठ असू शकतो तो असा. गादीवर बसून आयुष्य काढणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांचा तर आतबाहेर दोन्ही हिशेब सारखाच.

मग भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी, पंचमीला, निर्जल उपवास करण्याचा माझा तीस वर्षांचा परिपाठ. तो मी मोडला नाही, आणि चाचणीच्या लोकांना विचारलेही नाही. सकाळी सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी तेवढी घेतली. औषधापुरते पाणी चालते, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुपारी मंदिरात तत्त्वार्थसूत्राचे वाचन चालू असता हात थरथरू लागले, घामाने सदरा भिजला, समोरची अक्षरे हलू लागली. मुलाने घरी आणून यंत्रावर पाहिले तर साखर ५८. पत्नीने काही न बोलता साखरेचे पाणी पुढे केले. उपवास सुटला. त्या क्षणी मला वडील आठवले, त्यांचा पाय आठवला, आणि मी प्यालो.

चाचणीची रोजनिशी तीन दिवस माझ्यासमोर उघडी होती. लिहिले तर काढून टाकतील ही भीती. न लिहिले तर दहा धर्मांतील उत्तम सत्याचा दिवस मी कोणत्या तोंडाने साजरा करणार होतो? अखेर लिहिले. गोळीसह, उपवासासह, लपविलेल्या गोष्टीसह.

अष्टमीला पुण्यास जाण्याची पाळी होती. गणेशोत्सवामुळे स्वारगेटपासून पुढे रिक्षा सरकेना. मांडवांमुळे अर्धे रस्ते बंद, ढोलांचा आवाज कानात. सारसबागेजवळ उतरून मी उरलेले अंतर चालत गेलो. जूनमध्ये हे अंतर मला झेपले नसते, हे पोहोचल्यावर ध्यानात आले.

डॉक्टरबाईंनी रोजनिशी वाचली. रागावल्या नाहीत, पण बराच वेळ बोलल्याही नाहीत. "काका, हे तुम्ही लपवले असते तर या इंजेक्शनाने साखर उतरते की गोळीने, हे आम्हाला चुकीचे कळले असते. आणि मंदिरात जवळ कोणी नसते तर?" त्यांनी ती घटना प्रतिकूल घटना म्हणून रीतसर नोंदवली, वरिष्ठांना कळवली आणि गोळीची मात्रा निम्मी केली. उपवासाचे काय, यावर आम्ही व्यापाऱ्यांसारखी घासाघीस केली. निर्जल उपवासाला त्या तयार झाल्या नाहीत. एकासन, त्या दिवशी गोळी बंद, आणि साखर चार वेळा तपासणे, यावर तडजोड झाली. ही तडजोड माझ्या प्रकृतीपुरती आहे; पर्वात व्रत करणाऱ्या मधुमेही बंधुभगिनींनी आपापल्या डॉक्टरांना आधी विचारावे, माझ्यासारखे मागाहून सांगू नये.

अनंत चतुर्दशीला मी एकासन केले. पंक्तीत काहींनी विचारले, "यंदा उपवास नाही?" मी नाही म्हणालो.

चाचणीचे आणखी चार महिने बाकी आहेत. मला औषध मिळते की नुसते द्रव, हे अद्याप ठाऊक नाही. पोटात मळमळते त्या दिवशी वाटते औषधच असावे. भूक लागते त्या दिवशी वाटते पाणी. परवा आमच्या वखारीतल्या काट्यावर हमालांनी हसत मला उभे केले. चौऱ्याऐंशी किलो भरलो. वयाने सर्वांत वडील हमाल म्हणाला, "मालक, पोत्यात तूट आली." मी म्हटले, ही तूट खात्यावर धरू नका. मग उद्याच्या कोयनेचे तिकीट पाकिटात आहे का, ते पाहून घेतले.