विमानावरील चिठ्ठी

संगणकावरील उड्डाणाच्या खेळासाठीं मीं एक विमान तयार केलें व तें सर्वांस विनामूल्य दिलें. २००३ सालीं निघालेल्या 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' मध्यें तें उत्तम उडे. एवढ्यावरून मीं वर्णनांत लिहिलें, "सर्व आवृत्त्यांत चालतें." एका मुलानें तें २००६ सालच्या 'एफएसएक्स'मध्यें घातलें, तेथें फिरत्या पंख्याच्या चकतीमागील ढगच दिसेनासे झाले! पुढें २०१७ च्या ६४-बिट 'प्रिपेअर थ्रीडी'च्या चौथ्या आवृत्तींत तर जुन्या ३२-बिट तबकड्या मुळींच चालेनात. "आपण स्वतः उडवून पाहिलें होतें काय?" असें त्या मुलानें विचारिलें, तेव्हां मी निरुत्तर झालों. फुकट दिलेल्या वस्तूवरही घेणारा विश्वास ठेवितो. म्हणून आतां मी इतकेंच लिहितों : "२००४ मध्यें तपासलें, अन्यत्र तपासलें नाहीं."