एका खुर्चीची खोली

रत्नागिरीच्या राम आळीत चाळीस वर्षे घाऊक किराणा मालाचा व्यापार केल्यानंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या आणि आयुष्यात प्रथमच केवळ स्वतःसाठी एक महागडी वस्तू खरेदी केली. ती वस्तू म्हणजे एक अ‍ॅम्प्लिफायर. वजन ३२ किलो, किंमत ४ लाख ८० हजार रुपये. गुळाच्या भावात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या या गृहस्थांनी मुंबईच्या दुकानात सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजली. परतीच्या वाटेवर त्यांच्या लक्षात आले, की भाव न करता घेतलेली ही आपली पहिलीच वस्तू आहे. त्या जाणिवेतही एक सुख होते.

माडीवरची पश्चिमेकडील खोली त्यासाठी रिकामी करण्यात आली. समोर दोन स्पीकर, त्यांच्या मधोमध ठेंगण्या सागवानी मेजावर ते चकाकत्या अ‍ॅल्युमिनियमचे यंत्र, आणि समोर एक खुर्ची. दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर असलेल्या जागी बसले, तरच गायक मध्ये बसून गातो आहे असा भास पुरता उभा राहतो. म्हणून खुर्ची एकच होती.

ही ओढ जुनी होती. त्यांच्या तरुणपणी परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. आखातात नोकरीला गेलेले रत्नागिरीकर सुट्टीवर येत, तेव्हा त्यांच्या सामानात जपानी टेपरेकॉर्डर असत. अशाच एका ग्राहकाकडून १९८२ साली त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, एक टू-इन-वन विकत घेतला. तो स्वयंपाकघराच्या फळीवर विसावला आणि घरातील साऱ्यांचा झाला. चिरंजीव मात्र माल खरेदीसाठी मशीद बंदरला गेले, की तासभर चोरून लॅमिंग्टन रोडवर जात आणि काचेपलीकडची यंत्रे पाहून परत येत. पुढे १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंधही उठले, हवे ते यंत्र उघडपणे मिळू लागले. पण तोवर दुकानाचे कर्ज, बहिणींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे यांनी त्या इच्छेची जागा घेतली होती. इच्छा मागे पडली, विझली मात्र नाही.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम तसे थोडक्यात सांगता येते. टेपमधून किंवा सीडीमधून येणारा विद्युतसंकेत इतका दुर्बळ असतो, की त्याने स्पीकरचा पडदा हलणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर घरच्या विजेतून शक्ती घेतो आणि तिला त्या संकेताचा हुबेहूब आकार देतो. स्वतःचे काही मिसळायचे नाही आणि मूळचे काही गाळायचे नाही. प्रामाणिक तराजूचेच हे काम. त्यांनी निवडलेले यंत्र ‘क्लास ए’ पद्धतीचे होते. या पद्धतीत ट्रान्झिस्टरांतून सतत मोठा प्रवाह वाहता ठेवावा लागतो. गाणे चालू असो वा नसो, यंत्र सारखीच वीज घेते आणि तिचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. आवाज अतिशय शुद्ध मिळतो, पण यंत्राच्या कडेला हात ठेववत नाही.

दुकानदाराने प्रथम त्यांना काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प्लिफायर दाखवला होता. अंधारात त्या नळ्यांचा मंद केशरी उजेड फार मोहक दिसे. पण कोकणच्या पावसाळ्यात सायंकाळी दिवा लागला, की किडे-पाखरे गोळा होतात. चातुर्मासात दिव्याभोवतीही जपणारे हे घर. तापलेल्या काचेवर रोज पतंग पडणार, हे त्यांना सहन होण्याजोगे नव्हते. त्यांनी नळ्यांचे यंत्र नाकारले.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी किशोरी आमोणकरांची ध्वनिमुद्रिका लावली. एरवी नुसते गुंजन वाटणाऱ्या तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती, सूर लावण्याआधी घेतलेला श्वास कळत होता. मग त्यांनी कपाटातली एक जुनी कॅसेट काढली. १९८४ च्या पर्युषणात आईने म्हटलेली स्तवने कुणीतरी त्याच टू-इन-वनवर ध्वनिमुद्रित केली होती. फितीची सरसर होती, पण आईचा आवाज समोर बसल्यासारखा आला. दुसरे स्तवन संपता संपता मागे कुणीतरी दबक्या आवाजात खोकले. ते ताठ बसले. फीत मागे नेऊन त्यांनी तो खोकला तीनदा ऐकला. अप्पांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. त्या रात्री हिशेबाच्या वहीत त्यांनी यंत्राची रक्कम लिहिली आणि पुढे एकच शब्द लिहिला : ‘वसूल’.

पण वहीची रीत अशी, की ती एका नोंदीवर थांबत नाही. समुद्राकडून येणारी खारी, दमट हवा धातूच्या जोडांना गंज चढवते, म्हणून खिडक्या कायमच्या बंद झाल्या. खिडक्या बंद आणि यंत्र तापलेले, म्हणून वातानुकूलन आले. विजेचा दाब वर-खाली होतो, म्हणून स्टॅबिलायझर आला. यंत्र साधारण ३०० वॅट घेई. रोज तीन तास धरले तर महिन्याला २७ युनिट, आणि वातानुकूलनाचे त्याहून अधिक. दुसऱ्या वर्षीच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि यंत्र मुके झाले. एवढे वजन सुरक्षित पोहोचवण्याची हमी कुणी देईना, तेव्हा भाड्याची मोटार करून ते सव्वातीनशे किलोमीटरवर मुंबईला नेले. दुरुस्तीला सात आठवडे आणि ४१ हजार रुपये लागले. दुरुस्ती करणाऱ्याने हेही सांगितले, की आतले कपॅसिटर उष्णतेने लवकर वाळतात; तापमान दहा अंशांनी वाढले तर त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणजे ज्या उष्णतेतून आवाजाची शुद्धता येत होती, तीच यंत्राला आतून झिजवत होती.

व्यापारी माणसाला घसारा समजतो. सोने मोडायला नेले तर दिवसाचा भाव तरी मिळतो. या यंत्राची चौकशी केली तेव्हा खरेदीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम सांगण्यात आली. पन्नाशीत त्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले होते. जमीन, सोने, रोकड यांच्या मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या होत्या. यंत्र त्या मर्यादेत सहज बसत होते. मात्र वस्तूत मन किती गुंतले याचा रकाना त्या पानावर नव्हता. नातवंडांचे हात लागू नयेत म्हणून खोलीला कुलूप लागले होते. पत्नी स्वयंपाकघरात मोबाइलवर भजने ऐकत, आणि माडीवर ते एकटे बसत.

तिसऱ्या वर्षी असमाधानाने प्रवेश केला. या छंदात एक पायरी चढली, की तिच्यावरची दिसू लागते. एकाच पेटीतील यंत्रापेक्षा डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांच्याआधी एक वेगळा प्रीअ‍ॅम्प्लिफायर असावा, असे त्यांना वाटू लागले. जास्तीचा खर्च ९ लाख रुपये. पुण्यात अभियंता असलेल्या भाच्याने त्यांना परोपरीने समजावले. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. तो दुप्पट भासायला सुमारे दहापट शक्ती लागते. घरच्या खोलीत बेताच्या आवाजात ऐकताना बहुतेक वेळ एखाददुसरा वॅट पुरतो. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये एका चाचणीचा वृत्तांत छापला होता. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा यंत्रे २५ श्रोत्यांना ऐकवण्यात आली होती. कोणते यंत्र वाजते आहे ते त्यांना सांगितले नव्हते, आणि आवाजाची पातळी समान ठेवली होती. श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखीच निघाली. यंत्र अपुऱ्या शक्तीचे असेल किंवा स्पीकर हलवायला अवघड असतील, तर फरक पडतो, हे भाच्याने मान्य केले. त्यापुढे मात्र सारे तांदूळ सोनाराच्या काट्यावर जोखण्यासारखे. काटा खोटा नाही. तांदळाला त्याची गरज नाही. आणखी एक गोष्ट तो संकोचाने बोलला. तरुण कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात; वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते आणि साठीनंतर बहुतेकांना सर्वांत उंच ध्वनी ऐकूच येत नाहीत. व्यापारी माणसाच्या हाती पैसा येतो तो नेमका याच वयात.

त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि त्यांना ते पटलेही. तरीही मनातून ती पायरी जाईना. अप्पांचा खोकला या यंत्राने दिला. त्याहून चांगले यंत्र आणखी काय देईल, हा त्यांचा तर्क होता आणि तो कुणाला सांगता येण्याजोगा नव्हता.

हाताशी असलेली रक्कम पत्नीच्या नावे मुदत ठेवीत होती. बँकेतला जुना ठोकताळा त्यांना पाठ होता : ७२ ला व्याजदराने भागले, की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. ७ टक्क्यांनी सुमारे दहा वर्षे. ९ लाखांचे १८ लाख होतील, तेव्हा दोघेही पंचाहत्तरीच्या आसपास असतील आणि औषधपाण्याला तीच ठेव लागेल. हे ठाऊक असूनही एप्रिलमधल्या एका दुपारी ते ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन स्वयंपाकघरात गेले. पत्नी आंबोशीसाठी कैऱ्या चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली, हात पुसले आणि अर्ज वाचला.

“सही करते,” त्या म्हणाल्या, “पण अहो, नऊ लाखांनी वेगळे काय ऐकू येणार आहे, ते एकदा मला ऐकवा तरी.”

तीन वर्षांत त्या खुर्चीवर आपण तिला कधी बसवलेच नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. त्या बसल्या. बसायला दुसरे काही नव्हते, म्हणून ते दाराशी उभे राहिले. आईची कॅसेट लागली. दुसरे स्तवन संपत आले, तेव्हा त्यांनी बोट वर केले. “आता नीट ऐक हं.”

खोकला आला. पत्नी हसल्या.

“मामंजी! सासूबाईंनी सूर लांबवला की असेच खोकायचे. आरतीची वेळ झाली म्हणून आठवण.”

“तुला ओळखू आला?”

“ओळखायचे काय त्यात? फळीवरच्या त्या टू-इन-वनवर ही कॅसेट मी भाकऱ्या करताना किती वर्षे लावत होते. रोज ऐकू यायचा.”

ते काही बोलले नाहीत. त्या वर्षांत ते सकाळी साडेआठला दुकानात जात, सूर्यास्ताआधी जेवायला येत आणि हात धुऊन पुन्हा दुकानात जात. ती कॅसेट स्वयंपाकघरात शेकडो वेळा वाजली असेल. त्यांनी ती कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. खोकला १९८४ पासून फितीवर होता आणि हजारभर रुपयांच्या यंत्रातूनही पुरता ऐकू येत होता. एवढा पैसा घातला म्हणून रोज संध्याकाळी ते एका जागी बसू लागले होते, आणि बसले म्हणून त्यांना तो ऐकू आला होता. चार लाख ऐंशी हजारांत त्यांना मिळाले ते हे बसणे. त्याला किंमत पडत नाही. पण चाळीस वर्षे कामाची सवय लागलेल्या माणसाला विनामूल्य बसणे जमले नसते, हेही खरेच.

“येथे फार कोंदट होते,” पत्नी म्हणाल्या. “ती खिडकी उघडा ना.”

खारी हवा आत येईल, हे त्यांच्या ओठावर आले होते. क्षणभर ते यंत्राकडे पाहत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी कडी काढली. मांडवीकडचे वारे आत आले, त्याबरोबर रस्त्यावरचा रिक्षाचा आवाज आणि शेजारच्या माडाच्या झावळ्यांची सळसळ आली. आईचे तिसरे स्तवन त्यात थोडे बुडाले, तरी ऐकू येत राहिले.

यंत्र अजून त्याच मेजावर आहे. खोलीचे कुलूप निघाले, खुर्ची भिंतीला सरकली आणि जमिनीवर जाजम आले. पावसाळ्यात खिडकी बंद होते, दिवाळीनंतर उघडते. ठेवीचा अर्ज सही न होता खणात पडून आहे. वहीत ‘वसूल’ हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्याखाली नऊ लाखांची नोंद करून त्यापुढे ‘रद्द’ लिहिले आणि पान उलटले.