धोटा, कांडी आणि स्पर्धाक्षमता

अर्थशास्त्राच्या तासाला ‘स्पर्धाक्षमता’ हा शब्द आला की आम्ही इचलकरंजीची मुले एकमेकांकडे पाहतो. हा शब्द आमच्या घरांत फार आधीपासून राहायला आला आहे, फक्त त्याला तिथे हे नाव नव्हते.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, तो जहागीरदार घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने. तेव्हा राज्यकर्त्याने उद्योगाला हात द्यावा ही कल्पना आम्हाला नवी नाही. बदलले ते मैदान. श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर घातलेला कोटा 1 जानेवारी 2005 रोजी संपला आणि चीनला मोकळे रान मिळाले. बांगलादेशाचे कपडे तर 2001 पासून युरोपात जकातीविना जाऊ लागले.

सरकार स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. जुलै 1991 मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन करून आपला माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त केला. 1999 साली तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली. आधुनिक यंत्रांच्या कर्जावरील पाच टक्के व्याजाचा भार सरकारने उचलला. बिनधोट्याचे माग आले, कापड सफाईदार निघू लागले, हे मान्य केलेच पाहिजे. 2021 सालच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत मात्र किमान गुंतवणुकीची अट होती 100 कोटींची! आमच्या गल्लीतल्या आठ मागांच्या कारखानदाराला हा आकडा लिहायचा तर शून्ये मोजून घ्यावी लागतील.

या साऱ्या योजनांत यंत्राचा विचार झाला. माणसाचा फार थोडा. माझे वडील साधे माग चालवतात, मजुरी पिकावर. आई कांड्या भरते. धोट्यात कांडी बसते, आणि नव्या मागाला धोटाच नाही. म्हणजे कांडी नाही, कांडी भरणारीही नाही. देशाचे कापड स्पर्धेत टिकावे असे मलाही मनापासून वाटते, पण त्या टिकण्याची किंमत जिच्याकडून वसूल होते तिला व्याजात सवलत कुठली?

कापड कामगारांच्या प्रशिक्षणासाठी 2017 साली ‘समर्थ’ योजना मंजूर झाली. परीक्षेसाठी वाचत होतो म्हणून आईलाही ती समजावून सांगितली. तिने हातातले काम न थांबवता सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “वयाची अट हाय का रं त्यात?”