सहा पूर्णांक तीन

तापलेल्या व्हॉल्व्हचा वास सावकाश येतो. आधी काचेच्या आत, निकेलच्या बारीक नळीच्या टोकाशी तांबूस ठिपका उमटतो, तो हळूहळू नारिंगी होतो, मग काच गरम होऊ लागते आणि तिच्यावर वर्षानुवर्षं बसलेली धूळ हलकेच भाजली जाते. त्या धुळीचा, बेकेलाइटचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या वॉर्निशचा मिळून जो कोरडा, किंचित गोडसर वास होतो, तो मला कुठेही ओळखता येईल. घरीच बांधलेल्या माझ्या व्हॉल्व्ह टेस्टरसमोर रात्री बसलो की तो खोलीत पसरतो आणि हातातलं काम बाजूला राहतं.

त्या वासात संध्याकाळ आहे. कृष्णाकाठची, उसाच्या पट्ट्यातली. दिवस कलला की नदीवरच्या मोटारी सुरू व्हायच्या आणि घरातल्या बल्बचा पिवळा उजेड लालसर होत जायचा. "व्होल्टेज डाऊन झालं गं," असं आई चुलीपाशी बसून आत्याला सांगायची. फळीवरच्या रेडिओचा आवाज तेव्हा खोल जायचा. सांगली केंद्रावरचा निवेदक बोलत असायचा, पण शब्द कानापर्यंत पोचता पोचता विरायचे. मग आण्णा उठायचे. रेडिओशेजारी हाताने फिरवायचा बूस्टर होता, लोखंडी पेटीतला. कट्, कट् करत त्याचं बटण एकेक घर पुढे सरकायचं. पेटीवर व्होल्टचा काटा होता, पण आण्णा त्याच्याकडे बघत नसत. रेडिओच्या पाठीला भोकाभोकांचा पुठ्ठा होता; त्याला डोळा लावून ते व्हॉल्व्हचा रंग न्याहाळत, आणि तो मनासारखा झाला की हात काढून घेत. "आता पोट भरलं त्याचं," म्हणत. आवाज मात्र लगेच चढत नसे. थांबावं लागे. त्या थांबण्यात घरातली सगळी माणसं असत, कुणी न बोलता.

ते थांबणं कशासाठी होतं, हे मला टेस्टर बांधताना खरं कळत गेलं. लंडनमध्ये १९०४ साली फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह केला तेव्हापासून हे सगळं शास्त्र एका उबेवर उभं आहे. व्हॉल्व्हमधला हीटर स्वतः काही बोलत नाही, तो फक्त कॅथोडला, म्हणजे त्या निकेलच्या नळीला, तापवतो. कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढुरका लेप असतो. साधारण साडेसातशे अंशांवर त्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि मग कुठे गाणं सुरू होतं. ऊब कमी पडली तर चांगला व्हॉल्व्हही थकल्यासारखा वागतो. जास्त झाली तर लेपातला बेरियम उडून जातो, आणि तो पुन्हा भरता येत नाही.

म्हणून हीटरला नेमके ६.३ व्होल्ट. जुन्या मोटारगाडीच्या बॅटरीत तीन घरं असायची, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट, त्यांची ही बेरीज. युरोपातल्या व्हॉल्व्हच्या नावात पहिलं अक्षर ई असेल तर त्याला ६.३ व्होल्ट हवेत, डी असेल तर १.४. अमेरिकेतल्या ६व्ही६ किंवा १२एएक्स७च्या नावात आकडाच पुढे येऊन उभा राहतो. आपली भूक नावातच सांगणारी ही जात मला फार जवळची वाटते.

पण ते ६.३ द्यायचे कसे? पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरून सामान जमवलं आणि अनेक टॅपचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. एवढ्याने भागत नाही. भिंतीतली वीज आजही एका जागी राहत नाही. २३०ला नीट ६.३ देणारा टॅप २५०ला ६.८च्या वर जातो, १९०ला ५.२वर येतो. आधी मेन्सच्या बाजूला डिमरस्टॅट लावून पाहिला. हाताने काम होतं, पण मन सतत काट्यावर राहतं. शेवटी डीसीच केलं: ब्रिज, मोठा कपॅसिटर आणि एलएम३३८ हा रेग्युलेटर, कारण एका ईएल३४लाच दीड अँपिअर लागतो. व्होल्ट ठरवायला दहा फेऱ्यांचा पॉट. थंड हीटरचा रोध गरम हीटरच्या कितीतरी कमी असतो, त्यामुळे एकदम पूर्ण व्होल्ट दिले तर पहिल्याच क्षणी तो केवढा तरी करंट ओढतो. म्हणून मी पॉट खालून वर नेतो. अगदी सावकाश.

आणि मीटर सॉकेटवरच. हे माझ्यासाठी सगळ्यांत मोलाचं. रेग्युलेटरपाशी ६.३ दिसले म्हणजे व्हॉल्व्हला ६.३ मिळाले असं होत नाही. मधली तार खाते, सॉकेटची काळवंडलेली पकड खाते. वाटेत दशांश ओहम असला तरी दीड अँपिअरला ०.१५ व्होल्ट गेले. नऊ पिनांच्या सॉकेटला चौथ्या-पाचव्या पिनेवर दोन बारीक वेगळ्या तारा जोडल्या आहेत, त्या फक्त मोजण्यासाठी. काय दिलं याच्याशी मला कर्तव्य नाही. काय पोचलं ते बघायचं.

परवा आण्णांच्या रेडिओतला ईएल८४ लावला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, काचेच्या शेंड्याशी गेटरचा, म्हणजे आतली उरलीसुरली हवा शोषणाऱ्या लेपाचा, चंदेरी डाग अजून दाट. अॅनोडला २५० व्होल्ट, ग्रिडला उणे ७.३, हीटरला नेमके ६.३. काटा चढत चढत ४६ मिलिअँपिअरवर स्थिरावला. नव्याला ४८ असायला हवेत. मग खरी परीक्षा. हीटर दहा टक्के उतरवायचा, ५.७वर आणायचा आणि वाट बघायची. कॅथोड झिजलेला असेल तर काटा काही सेकंदांनी खाली यायला लागतो आणि येतच राहतो. शिल्लक असेल तर फारसा हलत नाही. मी श्वास धरून बसलो होतो. काटा ४५पाशी आला आणि थांबला.

किती वर्षं वाजलाय हा! आणि तेव्हा एक विसरलेली गोष्ट आठवली. रात्री नदीवरच्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज एकाएकी चढायचं, बल्ब पांढरा फटक व्हायचा. आम्ही जेवायला बसलेलो असायचो. आण्णा ताटावरून तसेच उठायचे आणि उजवा हात भाताने माखलेला असल्यामुळे डाव्या हाताने बूस्टरचं बटण मागे घ्यायचे. "बस जरा, जेव की," आई म्हणायची. ते म्हणायचे, "करपेल गं ते." बेरियमचं नाव त्यांनी कधी ऐकलं नसावं. पण त्या व्हॉल्व्हमधला बेरियम त्यांनीच राखला, एवढं त्या काट्यावरून मला स्वच्छ दिसलं.

तुमच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर भंगारात देऊ नका, आणि उत्साहाने एकदम २३०लाही लावू नका. जुने कपॅसिटर आधी जाणत्याकडून बदलून घ्या. यू अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले तर चासी थेट मेन्सला असू शकते, हात लावू नका. आणि व्हॉल्व्हच्या काचेवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसू नका. ती सहज निघून जातात, आणि मग त्याला किती व्होल्ट द्यायचे हे सांगणारं कुणी उरत नाही.